विश्लेषण : अमेरिकेतील मुस्लीम तरुणीला प्रत्येक नियमपुस्तकात स्वतःची जागा का मागावी लागते?

ऑक्टोबर २०१९. अमेरिकेतील ओहायो राज्य. शाळकरी मुलींची पाच किलोमीटरची शर्यत संपली आहे. धावून आलेल्या मुली निकालाच्या यादीभोवती गर्दी करतात. एका १६ वर्षांच्या मुलीला यादीत सगळ्या सहकाऱ्यांची नावे सापडतात, तिचे स्वतःचे मात्र सापडत नाही. तिने शर्यत पूर्ण केली होती, कोणाला धक्का दिला नव्हता आणि मार्गही चुकवला नव्हता. पण तिच्या डोक्यावर हिजाब होता. त्यासाठी आधी लेखी परवानगी घ्यायला हवी होती, असे नियम सांगत होता. ती न घेतल्यामुळे तिची वेळ मोजलीच गेली नाही.

प्रकरण गाजले. २०२२ मध्ये ओहायोत कायदा झाला आणि धार्मिक पेहराव घालून खेळण्यासाठी अशी परवानगी मागण्याची अट गेली. शेवट गोड झाला, असे म्हणता येईल. पण अमेरिकेतील मुस्लीम तरुणींच्या गेल्या काही वर्षांतील बातम्या एकापाठोपाठ एक वाचल्या, तर हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. आधी एका मुलीला थांबवले जाते, मग वाद होतो, मग नियम बदलतो. नियम बदलला याचे कौतुक होते. दर वेळी एका मुलीला आधी का थांबावे लागते, हा प्रश्न मागे राहतो.

अमेरिकेत मुस्लीम किती आहेत?

अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारला जात नाही. त्यामुळे अधिकृत आकडा नाही, सर्वेक्षणांवर विसंबावे लागते. प्यू रिसर्च सेंटरने २०१७ मध्ये केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत सुमारे ३४.५ लाख मुस्लीम होते, म्हणजे लोकसंख्येच्या १.१ टक्के.

हा समाज एकजिनसी नाही. त्यात कोणत्याही एका वंशाचे बहुमत नाही. मिनियापोलिसमधील सोमाली कुटुंबे, मिशिगनमधील डिअरबॉर्नची अरब वस्ती, न्यू जर्सी आणि टेक्सासमधील भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी घरे, इराणी, बोस्नियन असे सगळे त्यात येतात. साधारण पाचवा हिस्सा कृष्णवर्णीयांचा आहे. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या लोकांतही मुस्लीम होते. त्यामुळे ‘मुस्लीम म्हणजे बाहेरून नुकतेच आलेले’ हे गृहीतकच चुकीचे आहे.

हिजाबबद्दलही असेच. प्यूच्या त्याच सर्वेक्षणात सुमारे ३८ टक्के मुस्लीम महिलांनी घराबाहेर नेहमी हिजाब वापरत असल्याचे सांगितले, तर ४२ टक्के महिलांनी कधीच वापरत नसल्याचे. उरलेल्या अधूनमधून वापरणाऱ्या. म्हणजे बातमीसोबतच्या छायाचित्रात जी ‘मुस्लीम तरुणी’ हमखास दिसते, ती अर्ध्याहून कमी जणींचे प्रतिनिधित्व करते.

रोजचा दिवस कसा जातो?

बराचसा कोणत्याही अमेरिकी तरुणीसारखा. घरभाडे, शैक्षणिक कर्ज, आरोग्य विमा, नोकरीच्या मुलाखती, लग्न कधी करणार म्हणून आईचे फोन. फरक पडतो तो छोट्या छोट्या जागी.

दुपारची नमाज ऑफिसच्या वेळेत येते. मोठ्या कंपनीत प्रार्थनेसाठी खोली मिळू शकते. एरवी रिकामी मीटिंग रूम, जिन्याखालची जागा किंवा पार्किंगमध्ये उभी केलेली स्वतःची गाडी कामाला येते. वुजू करताना बेसिनमध्ये पाय धुवावे लागतात आणि नेमके तेव्हाच कोणीतरी आत येते. मग हसून दोन वाक्यांत सगळे समजावून सांगायचे. ऑफिसच्या पार्टीत हातात सोडा का आहे, हे सांगायचे. रमजानात ‘पाणीसुद्धा नाही?’ या प्रश्नाला दर वर्षी तेच उत्तर द्यायचे. चांद्र कालगणनेमुळे रमजान दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे कधी तो परीक्षांच्या तोंडावर येतो, तर कधी उन्हाळ्यातल्या लांबलचक दिवसांत.

कर्जाचेही तसेच. सरकारी शैक्षणिक कर्जावर व्याज लागते आणि इस्लाममध्ये व्याज निषिद्ध मानले जाते. काही जणी नाइलाज म्हणून कर्ज घेतात, काही स्वस्त कॉलेज निवडतात, काही नोकरी करत शिकतात. ही घालमेल बाहेरच्या कोणाला दिसत नाही.

विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या वेळी डोक्यावरील वस्त्र काढण्याची सक्ती नाही. मात्र जादा झडती होऊ शकते. ती महिला अधिकाऱ्याने आणि बंद खोलीत घ्यावी, अशी मागणी करता येते. म्हणजे हक्क आहे, पण तो माहीत असावा लागतो आणि मागे रांग खोळंबलेली असताना मागावाही लागतो.

यातली कोणतीच गोष्ट एकटी घेतली तर मोठी नाही. पण रोज कोणाला तरी स्वतःबद्दल खुलासा देत राहणे हे एक वेगळे काम आहे. त्याचा पगार मिळत नाही आणि सुट्टीही नसते.

दुकानातील नोकरीचा वाद सर्वोच्च न्यायालयात का गेला?

हा खुलासा कोणी करायचा, हाच प्रश्न एका खटल्याच्या केंद्रस्थानी होता. २००८ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात १७ वर्षांच्या एका मुलीने अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीच्या दुकानात नोकरीसाठी मुलाखत दिली. मुलाखत घेणाऱ्या महिलेला ती पसंत होती. पण विक्रेत्यांनी कसे दिसावे याची कंपनीची एक नियमावली होती आणि तिच्यात टोप्यांना मनाई होती. मुलीने काळा स्कार्फ बांधला होता. वरिष्ठांनी नकार दिला.

अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने कंपनीवर खटला भरला. अपील न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. स्कार्फ धर्मासाठी आहे आणि आपल्याला सवलत हवी आहे, हे मुलीने स्वतःहून सांगितले नव्हते, असा त्याचा आधार होता. गंमत अशी, की टोप्यांना मनाई आहे हे मुलाखतीत तिला कोणी सांगितलेच नव्हते. जो नियम माहीतच नाही, त्यातून सूट कशी मागायची?

जून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने अपील न्यायालयाचा निकाल फिरवला. बहुमताचा निकाल अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिला. ते न्यायालयातील पुराणमतवादी बाजूचे ठळक न्यायमूर्ती होते. धार्मिक सवलत द्यावी लागू नये हा नोकरी नाकारण्यामागचा एक हेतू असेल, तर उमेदवाराने तोंडाने मागणी केली नव्हती ही सबब चालणार नाही, असा त्याचा अर्थ.

हा निकाल ज्या कायद्यावर उभा आहे, तो १९६४ चा नागरी हक्क कायदा. कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून तो आला. ज्या कायद्याने टल्साच्या मुलीला न्याय मिळवून दिला, त्यासाठी आधीच्या पिढीने रस्त्यावर मार खाल्ला होता.

मैदानावर काय घडले?

बिल्किस अब्दुल-कादिर ही मॅसॅच्युसेट्सची बास्केटबॉलपटू. शालेय कारकिर्दीत तिने ३,०७० गुण मिळवून राज्याचा विक्रम केला. पुढे विद्यापीठ स्तरावरील सर्वोच्च गटात हिजाब घालून खेळणारी ती पहिली खेळाडू ठरली. परदेशात व्यावसायिक म्हणून खेळण्याचे तिचे स्वप्न होते. पण आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमात असे शिरोवस्त्र बसत नव्हते. २०१७ मध्ये महासंघाने नियम बदलला. तोपर्यंत तिची उमेदीची वर्षे निघून गेली होती.

इब्तिहाज मुहम्मदची गोष्ट याच्या उलट. न्यू जर्सीत वाढलेल्या या कृष्णवर्णीय मुलीने तलवारबाजी निवडली. त्याचे एक कारण असे, की या खेळाच्या गणवेशात अंग मुळातच झाकलेले असते आणि डोक्यावर मुखवटा असतो. तिच्या आईच्या नजरेने हे टिपले होते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हिजाब घालून अमेरिकेकडून खेळणारी ती पहिली खेळाडू ठरली आणि सांघिक सेबर प्रकारात तिने कांस्यपदक जिंकले. तिच्यावरून बार्बी बाहुलीही निघाली.

दोघीही गुणी, दोघीही मेहनती. मग फरक कशात? एकीच्या खेळाचा गणवेश योगायोगाने तिला सोयीचा होता, दुसरीच्या खेळाचे नियमपुस्तक नव्हते. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर ‘डीफॉल्ट सेटिंग’ ठरवताना ही मुलगी कोणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती. तिच्याशी कोणी वैर धरले होते असेही नाही. ती विचारातच घेतली गेली नव्हती, आणि त्याची किंमत मात्र तिने मोजली.

संसदेतही हेच झाले का?

हो. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १८३७ पासून सभागृहात टोपी किंवा शिरोवस्त्र घालण्यास बंदी होती. २०१८ च्या निवडणुकीत इल्हान ओमर आणि रशिदा तलैब या दोन मुस्लीम महिला पहिल्यांदाच निवडून आल्या. ओमर हिजाब वापरतात. जानेवारी २०१९ मध्ये १८१ वर्षे जुना नियम बदलून धार्मिक शिरोवस्त्राला मुभा देण्यात आली. तलैब हिजाब वापरत नाहीत. शपथविधीला त्या पॅलेस्टिनी भरतकामाचा पारंपरिक पोशाख घालून आल्या होत्या.

पोलीस ठाण्याचा अनुभव अधिक कडवट आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१७ मध्ये अटक झालेल्या दोन मुस्लीम महिलांना पोलिसांच्या छायाचित्रासाठी हिजाब उतरवायला लावले गेले. त्यांनी दावा लावला. २०२० मध्ये पोलिसांनी धोरण बदलले. २०२४ मध्ये शहराने असा अनुभव आलेल्या लोकांना भरपाई देण्यासाठी १.७५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. आधी विचार केला असता तर हा सगळाच खर्च टळला असता.

द्वेष किती, आपुलकी किती?

एफबीआयच्या नोंदींनुसार २००० मध्ये मुस्लिमांविरोधात द्वेषातून घडलेल्या २८ घटना होत्या. २००१ मध्ये, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर, त्या ४८१ झाल्या. आज पंचविशीत असलेली मुस्लीम अमेरिकी तरुणी तेव्हा रांगत होती किंवा नुकतीच जन्मली होती. ज्या घटनेची तिला आठवणही नाही, तिच्याबद्दल तिला शाळेपासून प्रश्न विचारले गेले. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाने सात मुस्लीमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली. २०२१ मध्ये ती उठली. जून २०२५ मध्ये १२ देशांवर पूर्ण प्रवेशबंदी आली, त्यात सोमालिया, इराण, येमेनसारखे देश पुन्हा होते. ज्यांची आजी तिकडे आणि नात इकडे आहे, त्यांच्यासाठी हा लग्नाला कोण येऊ शकेल, इतका घरगुती प्रश्न आहे.

पण चित्र एकरंगी नाही. प्यूच्या २०१७ च्या सर्वेक्षणात ४८ टक्के मुस्लिमांनी मागील वर्षभरात धर्मामुळे भेदभावाचा अनुभव आल्याचे सांगितले. पाहताक्षणी मुस्लीम म्हणून ओळखू येणाऱ्यांत हे प्रमाण ६४ टक्के होते. त्याच सर्वेक्षणात ४९ टक्के जणांनी, मुस्लीम असल्यामुळे कोणीतरी आपल्याला आवर्जून पाठिंबा दिला, असेही सांगितले. ९७ टक्क्यांना मुस्लीम असल्याचा अभिमान होता आणि ९२ टक्क्यांना अमेरिकी असल्याचा. ‘आधी मुस्लीम की आधी अमेरिकी?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला पडतो. उत्तर देणारीला बहुतेक वेळा त्यात निवड करण्यासारखे काही वाटत नाही.

घरातून आणि समाजातून दबाव नाही का?

आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अनेक मशिदींमध्ये महिलांची जागा मागच्या बाजूला, पडद्याआड किंवा तळघरात असते. समाजमाध्यमांवर कोणाचे केस दिसले, कोणाची बाही आखूड, यावर शेरे मारणारे स्वधर्मीयच असतात. हिजाब न घालणारीला ‘तू मुस्लीम वाटत नाहीस’ हे वाक्य दोन्हीकडून ऐकावे लागते. बाहेरचे ते कौतुक म्हणून म्हणतात, आतले टोमणा म्हणून.

यालाही उत्तरे शोधली गेली. मार्च २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अभ्यासक अमिना वदुद यांनी स्त्री-पुरुषांच्या एकत्र नमाजाचे नेतृत्व केले आणि जगभर वाद झाला. जानेवारी २०१५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘विमेन्स मॉस्क ऑफ अमेरिका’ सुरू झाली. तिथे जुम्म्याचे प्रवचनही महिलाच देतात. दुसरीकडे, हिजाब घालून फॅशनच्या दुनियेत नाव कमावलेल्या हलिमा एडनने २०२० मध्ये रॅम्पवरील काम सोडले. कामासाठी आपण श्रद्धेशी तडजोड करत गेलो, असे तिने सांगितले. एकीला परंपरेच्या चौकटीबाहेर जागा हवी होती, दुसरीला बाजाराच्या चौकटीबाहेर. दोघींचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता, इतके मान्य केले तरी पुरे.

या तरुणींची मते काय आहेत?

एका साच्यात बसणारी नाहीत. समलैंगिकता समाजाने स्वीकारावी असे म्हणणाऱ्या अमेरिकी मुस्लिमांचे प्रमाण २००७ मध्ये २७ टक्के होते, २०१७ मध्ये ते ५२ टक्के झाले. गाझाच्या प्रश्नावर विद्यापीठांत तंबू ठोकणाऱ्यांत मुस्लीम मुली होत्या आणि त्यांच्या शेजारी ज्यू विद्यार्थीही होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत एक लाखाहून अधिक मतदारांनी बायडेन यांच्याऐवजी ‘अनकमिटेड’ हा पर्याय निवडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अरबबहुल डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प यांना सर्वाधिक मते मिळाली. ‘मुस्लीम मते’ म्हणून गठ्ठा बांधणाऱ्यांचे अंदाज चुकले.

बायका काय घालतात यावरच कॅमेरा रोखला, की या सगळ्या मतभेदांकडे दुर्लक्ष होते. मुलीला कर, घरभाडे, गर्भपाताचा हक्क किंवा परराष्ट्र धोरणावर बोलायचे असते. तिला विचारले जाते, ‘हिजाबमध्ये उकडत नाही का?’

याचा भारतीयांशी काय संबंध?

अगदी थेट. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हर्जिनियाच्या लेफ्टनंट गव्हर्नरपदी निवडून आलेल्या गझाला हाश्मी यांचा जन्म हैदराबादचा. राज्यपातळीवरील पदावर निवडून आलेल्या त्या अमेरिकेतील पहिल्या मुस्लीम महिला.

पण संबंध यापेक्षाही जवळचा आहे. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना ईदची सुट्टी देण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. दिवाळीच्या सुट्टीचा कायदा २०२३ मध्ये आला. एका धर्माच्या मुलांसाठी दार उघडले, की पुढच्याला ते ढकलणे सोपे जाते. २०२३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिश्चन टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात एकमताने निकाल दिला. त्याला रविवारी काम करायचे नव्हते. धार्मिक सवलत नाकारायची असेल, तर व्यवसायावर मोठा बोजा पडतो हे मालकाने दाखवून द्यावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले. या निकालाचा लाभ जुम्म्याच्या नमाजासाठी तासभर मागणाऱ्या मुस्लीम मुलीला होतो, तसाच लक्ष्मीपूजनाची रजा मागणाऱ्या न्यू जर्सीतील मराठी अभियंत्यालाही होतो. तिच्या हक्काकडे ‘त्यांचे लाड’ म्हणून पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

पुढे काय?

फ्रान्सने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वतःच्या खेळाडूंना हिजाबची मनाई केली. त्या तुलनेत अमेरिकेची वाट निश्चितच मोकळी आहे. तिथे न्यायालये ऐकतात, विधिमंडळे कायदे बदलतात, कंपन्यांना भरपाई द्यावी लागते. पण ही व्यवस्था तक्रार आल्यावर चालते. तक्रार करायला पैसा, वेळ आणि घरच्यांचा पाठिंबा लागतो. टल्साच्या मुलीने १७ व्या वर्षी मुलाखत दिली, निकाल लागेपर्यंत ती चोविशीत पोहोचली होती. इतकी वर्षे झुंजणे ज्यांना परवडले नाही, त्या मुली कुठल्याच निकालपत्रात सापडत नाहीत.

म्हणून खरी सुधारणा मोजायची असेल, तर किती नियम बदलले हे पाहून भागणार नाही. नवा नियम लिहिताना टेबलाभोवती कोण बसले आहे, हे पाहावे लागेल. एक संधी समोर आहे. आजवर अरब वंशाच्या तरुणीला जनगणनेच्या अर्जात ‘श्वेतवर्णीय’ या चौकटीत मोजले जात होते. मार्च २०२४ मध्ये सरकारने ‘मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका’ असा स्वतंत्र गट मान्य केला. तो ठरल्याप्रमाणे २०३० च्या जनगणनेत आला, तर तिला स्वतःचा रकाना मिळेल. त्यासाठी तिला कोणासमोर उभे राहून खुलासा द्यावा लागणार नाही, फक्त खूण करावी लागेल. शाळेच्या मैदानापासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळीकडे इतकेच सोपे व्हायला हवे.